विहीणबाईंचं जांभळं शेत

३ डिसेंबर, बुधवार

ही डायरी बँकेने जानेवारीत दिली होती, ती आजपर्यंत कोरीच राहिली. आज काढली, कारण पोटात जे आहे ते कुणाशी बोलण्यासारखं नाही. ह्यांना सांगावं तर हे हसतील. शेजारच्या रूपाला सांगावं तर चहा व्हायच्या आत जळगावच्या आमच्या सगळ्या पिंप्राळ्याला कळेल.

तर लिहूनच टाकते. मला माझ्या विहीणबाईंचा हेवा वाटतो.

आमची मेघा तीन वर्षांपूर्वी चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिली. जावई हितेंद्र केळीची शेती बघतो. माणूस चांगला आहे, बोलत मात्र नाही. त्याची आई ताईबाई. नवरा गेल्यावर शेती हिनेच सांभाळली. दोन वर्षांपूर्वी या बाईच्या मनात काय आलं कोण जाणे, उतारावरच्या मुरमाड तुकड्यात तिने लव्हेंडर लावलं. गाव हसलं. मीही हसले, जरा जास्तच हसले. आता रोज संध्याकाळी तिथे गाड्या लागतात. लोक तिकीट काढून फुलं बघायला येतात आणि त्यांना सूर्य मावळेपर्यंत शेतातून फिरवते कोण, तर आमची मेघा. दिवस गेलेली पोर, सातवा लागत आला तिला.

आज रूपाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जांभळ्या फुलांत मेघा उभी, मागे लाल सूर्य आणि ताईबाईंचा हात तिच्या पाठीवर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सून नाही, लेकच वाटते.' हजारभर लोकांनी त्याला अंगठा दाखवला होता. मेघाने तो व्हिडिओ मला पाठवला नव्हता. मी रूपाकडून मागून घेतला आणि किती वेळा पाहिला ते इथेही लिहीत नाही.

७ डिसेंबर, रविवार

मेघाचा फोन. दर दोन वाक्यांनी 'आई म्हणतात', 'आईंनी केलं', 'आईंना विचारते'. मला ती मम्मी म्हणते. बालवाडीत शिकवत होते तेव्हा सगळ्या बायकांची मुलं मम्मी म्हणायची, म्हणून मीच हौसेने शिकवलं. आई हा शब्द घरात वापरायचा राहिला आणि आता तो आयता ताईबाईंना मिळाला. दोष कुणाला देऊ?

आतली खोली रंगवून घेतली. आमच्या मुलाचं, भूषणचं टेबल माळ्यावर टाकलं, तो पुण्याहून वर्षातून दोनदा येतो, त्याला टेबल कशाला. पंखा कुरकुरत होता तो दुरुस्त केला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही काही मी काढलेली पद्धत नाही. आठव्यात बाईला हलवत नाहीत, म्हणून सातव्यातच आणायची. माझ्या मनात दुसरं काही नाही. त्या खोलीत मेघा झोपलेली असावी, बाळ झाल्यावर पहिल्यांदा माझ्या मांडीवर यावं, आणि निदान ते दोन-तीन महिने तिने उठसूट मला हाक मारावी. एवढंच हवं आहे, पण ते हवंच आहे.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "भूषणचं काय गं? येतोय का तो?" मी म्हटलं, त्याला सुट्टी नाही. "बरं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. भावाची आठवण येते. माझी येते असं काही म्हणाली नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज ह्यांच्याशी वाजलं. हे सकाळीच म्हणाले, "मी जातो आणि मेघाला घेऊन येतो. त्यात काय एवढं?"

ह्यांची सरकारी नोकरीत हयात गेली, पण रीत म्हणून काही असते हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. मी सोनगीरची. आमच्याकडे सातव्या महिन्यात सासरची मंडळी ओटीचं बोलावणं पाठवतात, आणि मग माहेरचा मुराळी जातो. भाऊ असेल तर भाऊ, नसेल तर बाप. ओटी भरली जाते आणि मुलगी त्याच्याबरोबर माहेरी निघते. माझ्या वेळी सासूबाईंनी माणूस पाठवून सांगितलं होतं, मग आमचा मगनभाऊ नवा शर्ट घालून आला. बोलावल्याशिवाय मुराळी पाठवायचा म्हणजे आमची मुलगी द्या हो, म्हणून दारात उभं राहायचं. मला ते जमणार नाही.

"चोपड्याकडे वेगळं असेल," हे म्हणाले.

"ओटी सगळीकडे ओटीच असते," मी म्हटलं. त्यांनी पेपर उघडला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, आलं बोलावणं. पदर नीट केला, फोनवर कुणाला दिसतो म्हणून.

त्यांचं बोलणं पक्कं अहिराणी. "कशा शेतस ताई?" वगैरे झालं. मग म्हणाल्या, "भूषणभाऊ कव्हय येतस इकडे? आम्ही बठ्ठा वाट देखी राहिनूत."

मी लगेच ओळखलं. भूषण पुण्यात कॉम्प्युटरवर आहे. यांना शेताची वेबसाइट करून हवी असणार, तीही घरच्या घरी. मी म्हटलं, "त्याला खूप कामं असतात हो. तो कुठला येतोय."

"बरं. तुमनी मर्जी," म्हणाल्या. मग फुलं किती आली, थंडी किती पडली, मेघा भाकरी किती खाते. ओटीबद्दल अवाक्षर नाही. तुमनी मर्जी म्हणे. काय तो तोरा.

फोन ठेवल्यावर मी डिंक तळायला घेतला आणि एक घाणा जाळला.

२८ डिसेंबर, रविवार

भिशी आमच्याकडे होती. लाडवांचा वास अजून घरात होता, त्यामुळे सगळ्यांनी तेच विचारलं, मेघा कधी येतेय? कितवा लागला?

मी म्हटलं, "सासू सोडेल तेव्हा येईल. गिऱ्हाइकं फिरवायला फुकटचं माणूस मिळालं आहे, ते कशाला सोडेल?"

सगळ्या चुकचुकल्या. रूपा तर "बिचारी गं मेघा" म्हणून डोळे पुसायला लागली. मला फार बरं वाटलं. सगळ्या गेल्यावर तितकं बरं वाटलं नाही, पण झालेलं बोलणं परत घेता येत नाही.

शिवाय ती फुलं लव्हेंडरची नाहीतच, असंही मी सांगून टाकलं. आपल्या खानदेशच्या उन्हात लव्हेंडर? सब्जा नाहीतर रानतुळस असेल काहीतरी, जांभळी दिसली की झालं.

६ जानेवारी, मंगळवार

मेघाने विचारलं, "मम्मी, तू माझ्यावर रागावली आहेस का?"

"मी कशाला रागावू? तुला तिकडे छान करमतंय."

"करमतं गं," ती म्हणाली.

संपलं. करमतं. लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

रूपाकडे हळदीकुंकू. तिळगूळ हातावर पडायच्या आत बायकांनी ठरवून टाकलं की येत्या रविवारी सगळ्यांनी लव्हेंडर बघायला जायचं. गाडी रूपाचा भाचा देणार. एकजण म्हणाली, "हेमाताईंची विहीणच आहे, आपल्याला पुढे उभं करतील." मी हसले. दुसरं काय करणार?

रूपाला बाजूला घेऊन सांगितलं, तिकिटं तुझ्या नावावर काढ, मेघाला सरप्राइज द्यायचं आहे. खरं कारण वेगळं आहे. पोरीला कसं राबवतात ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. म्हणजे हितेंद्रला चार शब्द सुनावता येतील.

सातवा संपला. बोलावणं आलं नाही. खोलीला रंगाचा वास होता, तोही आता गेला.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळ

कालचं आज लिहिते आहे, आणि पिंप्राळ्यात बसून लिहीत नाही. मागे घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून डायरी पर्समध्ये टाकली होती, ती कामी आली.

काल दुपारी निघालो. तापीचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळी, बायकांच्या अंताक्षरीने माझं डोकं उठलं. चोपड्याच्या पुढे उतरायच्या आधी मी स्कूटरवरच्या मुलींसारखा स्कार्फ तोंडाला बांधला, वर गॉगल. रूपा म्हणाली, दरोडा घालायला आल्यासारखी दिसतेस.

शेताच्या तोंडाशी तिकीट घेणारा मुलगा कुणी ओळखीचा नव्हता. आम्ही आणि भुसावळकडचं एक कुटुंब, असे वीसेक जण झालो. मग घराकडून मेघा आली. हातात काठी, पायात सपाट चपला, पोट पुढे. माझी मुलगी इतक्या लोकांसमोर अशी सहज उभी राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेत कविता म्हणायची झाली तर माझ्यामागे लपायची.

"हळू चला हं," ती म्हणाली. "फुलांना काही होत नाही. मला घाई जमत नाही." लोक हसले.

आम्ही उताराने वर निघालो. फुलांच्या ओळी अगदी आखल्यासारख्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. वर पोहोचल्यावर मेघाने काठीने दाखवलं. "खरं लव्हेंडर एवढंच, या वरच्या ओळी. आपलं ऊन त्याला सोसत नाही, होळीपर्यंतचं पाहुणं आहे. पहिल्या वर्षी निम्मं मरून गेलं, आई रडल्या होत्या. खाली जे जांभळं दिसतंय ते साल्विया आहे. फोटोत दोन्ही सारखंच येतं, पण तुम्ही तिकीट काढलंय म्हणून सांगते."

मी भिशीत जे सांगितलं होतं ते तिने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, तेही हसत. पकडायला काही उरलंच नाही. मग तिने प्रत्येकीला एक तुरा बोटांनी चोळायला लावला आणि हात नाकापासून लांब धरायला सांगितला. वास आपणहून यायला हवा म्हणे. आला. वास चांगला होता, नाइलाज आहे.

सूर्य केळीच्या बागांमागे उतरायला लागला. उजवीकडे सातपुडा काळा पडत गेला आणि मधला सगळा उतार जांभळा झाला, असा की आमच्या बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या. आम्हाला चटईवर बसवलं होतं. मेघा एका दगडावर टेकली. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. मला वाटलं, हे सगळं या बाईने माझ्या मुलीला दिलं आणि मी काय दिलं, तर रंगवलेली खोली. इतका मत्सर मला उभ्या जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

तेवढ्यात भुसावळची बाई मेघाला म्हणाली, "कितवा गं?"

"आठवा लागला."

"आणि अजून इथेच? माहेर लांब आहे का?"

"जळगावलाच आहे," मेघा हसून म्हणाली. "मुराळी आला नाही, मावशी."

"अगं बाई. का गं?"

"भावाला सुट्टी नाही मिळाली. आणि पप्पांचे गुडघे दुखतात." ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. "आमच्याकडे मुराळी आल्याशिवाय ओटी भरत नाहीत. आईंनी सातवा लागल्या दिवशीच साडी काढून ठेवली होती. रोज म्हणायच्या, आज येतील." मग ती काठीने माती उकरत म्हणाली, "येतील पुढच्या वेळी."

भिशीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रूपाचं तोंड उघडंच राहिलं. मी गॉगलमधून सूर्याकडे बघत राहिले, जणू तिकिटाचे पैसे त्याच्यासाठीच दिले होते. पण बसवेना. उठले आणि खाली घराकडे निघाले.

अंगणात ताईबाई कपाशीच्या काड्या पेटवून त्यांवर वांगी भाजत होत्या. पाहुण्यांना जाताना भरीत-भाकरी असते. मला लांबूनच बघून म्हणाल्या, "तोंड बांधं तरी चाल कशी बांधशात, ताई?"

मी स्कार्फ सोडला. "ओटीचं बोलावणं का नाही पाठवलंत?" एवढंच तोंडातून निघालं, आणि तेही भांडल्यासारखं.

"कसानं बोलावनं?" त्या खरोखर गोंधळल्या. "आमनाकडे आधी मुराई येस, मंग ओटी. बिगर मुराईनी पोर घरनी बाहेर कशी काढू? लोक म्हणतीन, सासूनी हाकली दिनी. मी तुमले फोनवर इचारं बी, भूषणभाऊ कव्हय येतस म्हणीसन."

"मला वाटलं तुम्हाला वेबसाइट करून हवी आहे."

"काय करी देवानी?"

मी समजावत बसले नाही. त्यांनी एक वांगं उलटं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती माले रोज इचारे, आई, मम्मी मनावर संतापनी का? मी काय सांगू तिले? माले वाटे, तुमले पोर न्यायनीच नही."

मला माझी पोर न्यायची नाही म्हणे. मला. डिंक आणून, खोली रंगवून, दोन महिने रस्त्याकडे कान लावून बसलेल्या मला. पण हे ताईबाईंना कुठून कळणार, मी ते फक्त भिशीत सांगितलं होतं आणि तेही उलटं करून.

मेघा खाली आली तेव्हा आम्ही दोघी धुरात उभ्या होतो. ती थबकली. माझ्या गळ्यातला स्कार्फ, हातातलं तिकीट बघितलं.

"मम्मी, तू तिकीट काढून आलीस?"

"रूपाच्या नावावर," मी म्हटलं.

मग ती रडली. मीही रडले. ताईबाई वांगी सोलत राहिल्या, त्यांना धुराचं निमित्त होतं.

मी म्हटलं, गाडी आहे, आत्ताच नेते. ताईबाई म्हणाल्या, "आठव्यात नही." इथे सोनगीर आणि चोपडा एकच होते. आठव्यात हलवत नाहीत. मी माझ्याच तोंडाने शंभरदा म्हटलेलं. म्हणजे ती खोली गेली ती गेलीच.

"तुम्ही ऱ्हा ना," ताईबाई म्हणाल्या.

मुलीच्या सासरी मुक्काम ठोकायचा, तोही महिना-दोन महिने, हे आमच्यात कुणी केलेलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. रूपा बोलवायला आली. मी तिला म्हटलं, तुम्ही जा, ह्यांना सांग माझे कपडे आणि फळीवरचा डबा भूषणच्या खोलीतल्या बॅगेत भरून पाठवा. जळगावपर्यंत गाडीत माझ्याशिवाय दुसरा विषय नसणार. असू दे.

२३ जानेवारी, शुक्रवार

राहणं सोपं नाही. या घरात माझ्या मुलीबद्दल मला जे माहीत नाही ते सगळं ताईबाईंना माहीत आहे. ती आता गुळाचा चहा पिते. डाव्या कुशीवर झोपते. दुपारी तिला लसणाची चटणी लागते आणि नंतर जळजळतं, तरी लागते. मी काही करायला उठले की काम आधीच झालेलं असतं. काल त्या मेघाच्या पायांना तेल लावत होत्या. मी दारात उभी राहिले, मग आत गेले, मग पुन्हा दारात आले. शेवटी म्हटलं, "द्या इकडे, मी लावते." त्यांनी वाटी दिली. एक पाय त्यांचा झाला होता, एक मला मिळाला.

ह्यांनी डबा पाठवला. सोबत चिठ्ठी, 'माझे गुडघे कसे आहेत ते मला रूपाकडून कळले.'

चोपड्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेघाचे सुजलेले पाय बघून सांगितलं की चढउतार बंद. मग संध्याकाळी लोकांना कोण फिरवणार? हितेंद्र चार परकी माणसं बघितली की लाल होतो. ताईबाई म्हणाल्या, "मनी बोली लोकेसले समजत नही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बालवाडीत जन्म गेला, मोठी माणसं त्याहून काय अवघड असणार.

२५ जानेवारी, रविवार

आज सुट्टीची गर्दी. मेघाने दोन दिवस मला पढवलं होतं, पण वर गेल्यावर मी माझंच सुरू केलं. रांगेत चाला, फूल तोडायचं नाही, आधी हात लांब धरायचा. मोठमोठे लोक शहाण्या मुलांसारखे ऐकत होते. लव्हेंडर किती, साल्विया किती, तेही सांगितलं. पहिल्या वर्षी निम्मं मेलं हे सांगताना मला वाटलं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

धुळ्याचे एक गृहस्थ म्हणाले, "शेत तुमचंच का?"

"विहीणबाईंचं."

"आणि तुम्ही राबता?"

"तुम्हाला काय त्रास आहे?" मी म्हटलं. लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. खाली अंगणात खाटेवर बसून मेघाही टाळ्या वाजवत होती आणि "मम्मी, मम्मी" ओरडत होती. मला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. ताईबाई तेवढ्या चुलीतली राख उकरत होत्या. तोंड उतरलेलं दिसलं. भरीत करपलं असावं, दुसरं काय.

२९ जानेवारी, गुरुवार

ताईबाईंचं काहीतरी बिनसलं आहे. कालपासून तेलाची वाटी आपण होऊन माझ्या हातात देतात आणि बाहेर निघून जातात. दोन्ही पाय मलाच. मला काय, बरंच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी आम्ही दोघी वरच्या ओळींत तुरे कापत होतो. वाळवून त्यांच्या जुड्या विकतात. थंडी होती, ऊन नुकतं आलं होतं. मग ताईबाई एकदम म्हणाल्या, "ताई, एक सांगू? माले तुमना हेवा वाटस."

माझी कात्री थांबली. मला वाटलं, या बाईने माझी डायरी वाचली की काय. पण त्यांना वाचता येते ती फक्त बसवरची पाटी.

त्या खाली बघूनच बोलत होत्या. सगळं अहिराणीत, मी माझ्या भाषेत लिहिते. तीन वर्षं पोर माझ्या घरात आहे, म्हणाल्या. मला मुलगी नाही. तिला दिवसभर आई, आई करताना ऐकलं की मला वाटायचं, झाली माझी. पण झोपेत ती मम्मी म्हणते. पहिल्या दिवसापासून. भिंतीपलीकडून मी ऐकते. एकदाही झोपेत तिने मला हाक मारली नाही. आणि आता तुम्ही आलात, तर जागेपणीही मम्मीच.

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी इथे लिहून ठेवते, कारण तो चांगल्या बाईला शोभणारा नाही. अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं. तीन वर्षं. रोज. भिंतीपलीकडून. त्या व्हिडिओला अंगठा दाखवणाऱ्या हजार लोकांना गोळा करून हे ऐकवावं असं वाटलं.

मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या तुरे कापत होत्या आणि आखूड कापत होत्या, जुडी बांधता येणार नाही इतके आखूड. हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. पहिल्या वर्षी निम्मं मेलेलं शेत त्यांनी पुन्हा उभं केलं, पण भिंतीपलीकडच्या त्या एका हाकेपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. ते कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी म्हटलं, "आमच्याकडे उलटं असतं."

"कसं?"

"दिवाळीला आली होती ना मेघा. माझ्या शेजारी झोपायची. झोपेत आई, आई करत होती. मला मम्मी म्हणते, मग आई कोण? तुम्हीच. मला इतका राग आला होता, काय सांगू. जिथे असते तिथे जी नसते तिला हाक मारते, असा तिचा स्वभावच दिसतो."

हे धादांत खोटं आहे. दिवाळीत मेघा माझ्या शेजारी झोपली आणि सकाळपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही.

ताईबाईंच्या कात्रीचा आवाज बदलला, आणि नंतरचे तुरे लांब, नीट आले.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. दुपारी शेजारच्या दगडीबाई आल्या. मेघा खाटेवर होती, मी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. ताईबाईंनी पाणीसुद्धा विचारायच्या आधी त्यांना सांगायला सुरुवात केली. सून माहेरी जाते तरी झोपेत मलाच हाका मारते, आई, आई, सारी रात, तिच्या आईने स्वतः ऐकलं. मी एका दिवाळीची गोष्ट सांगितली होती, तिची तोपर्यंत दर सणाची गोष्ट झाली होती. तीन वर्षांच्या खऱ्या हाका माझ्या होत्या आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

दगडीबाईंना विश्वास वाटेना. त्या माझ्याकडे वळल्या. "खरं शे का ओ, ताई? तुमना घर राहीसन ईले हाका मारस?"

मेघाने मान वर केली. ती कसं झोपते ते तिला नसेल माहीत, पण मी खोटं कसं बोलते ते तिला लहानपणापासून माहीत आहे. ताईबाई पाण्याचा तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मेघा माझ्याकडे बघत राहिली. मी शेंगा सोलत राहिले.